चालू कर्जावरचा फ्लॅट घेताना: माझा अनुभव

पुण्यात सिंहगड रोडवरचा आमचा टू बीएचके रीसेलचा. सौदा ६२ लाखांना ठरला तेव्हा विकणाऱ्या जोडप्याचं त्यावर २१ लाखांचं कर्ज बाकी होतं, त्यामुळे मूळ कागद त्यांच्या बँकेत. घरच्यांचा सूर एकच होता, "दुसऱ्याच्या कर्जातलं घर कशाला?" एजंट उलटं बोलत होता. "मॅडम, कर्ज आहे म्हणजे बरंच की. एका बँकेने कागद आधीच तपासलेत!"

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. बँकेने कागद तपासले होते, पण ते कर्ज देताना. त्यानंतर मालकांनी लोखंडी सांगाडा आणि पत्रे टाकून टेरेस बंद करून घेतली होती. आमच्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, मंजूर नकाशा हातात घेऊन आला, टेरेसकडे बघून फक्त "हं" म्हणाला, आणि मूल्यांकन ५८ लाखांवर आलं. बँक कर्ज धरते ते करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतल्या कमी आकड्यावर. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा ८० टक्के. म्हणजे आम्हाला मिळणार ४६ लाख ४० हजार, आणि उरलेले १५ लाख ६० हजार आमचे. हा धक्का बसू शकतो हे धरूनच आम्ही हात राखून हिशेब केला होता, म्हणून निभावलं. बारा-साडेबारा लाखच जमवून बसलेल्या माणसाचा सौदा इथेच मोडतो.

त्यावर मुद्रांक शुल्क. पुण्यात ते सगळं धरून ७ टक्के पडतं, पण सगळे खरेदीदार स्त्रिया असतील तर १ टक्का सवलत मिळते. आम्ही घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं आणि ४ लाख ३४ हजारांऐवजी ३ लाख ७२ हजार भरले. नवरा कर्जात सहकर्जदार आहे, घरात मालक नाही, त्यामुळे जुन्या करप्रणालीतली व्याजाची वजावट त्याला घेता येत नाही. तो तसाही नव्या प्रणालीत आहे. ज्यांच्याकडे दोघेही जुन्या प्रणालीत आहेत त्यांनी ६२ हजारांच्या मोहात पडण्याआधी कागदावर दोन्ही गणितं मांडावीत. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही. शुल्क आणि फी बँक कर्जात धरत नाही, ते रोख आपलेच. एजंटचा १ टक्का, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी असं करत खिशातून जाणारी रक्कम एकवीस लाखांच्या आसपास गेली.

आता मुख्य गोष्ट. पैसे कुणाला, कोणत्या क्रमाने द्यायचे?

आमची बँक म्हणाली, आधी तुमचा वाटा भरा, त्याच्या पावत्या दाखवा, मग आम्ही चेक काढू. बरोबर आहे त्यांचं. पण याचा अर्थ असा, की घराचे कागद दुसऱ्या बँकेत गहाण असताना आम्ही चौदा-पंधरा लाख मालकांच्या बचत खात्यात टाकायचे. माणसं चांगली होती, प्रश्न तो नव्हता. त्यांचं नव्या घराचं बुकिंग चालू होतं. आमचे पैसे तिकडे वळले असते आणि इकडे कर्ज तसंच राहिलं असतं, तर आम्ही कुणाच्या दारात जाणार होतो?

आमच्या वकीलबाईंनी तोडगा सांगितला. आमच्या वाट्याची मोठी रक्कमही मालकांना न देता थेट त्यांच्या कर्जखात्यात भरायची. चेकवर बँकेचं नाव आणि पुढे कर्ज खाते क्रमांक, सोबत मालकांचं सहीचं पत्र, आणि करारनाम्यात हा चेक त्याच्या क्रमांकासह लिहिलेला. मालकांना फरक पडत नव्हता. कर्ज त्यांना फेडायचंच होतं. विसार १ लाखाचा दिला, तोही पावतीत एक वाक्य घालून: कागदपत्रांतल्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर विसार परत. एजंटने तोंड वाकडं केलं, मालकांनी सही केली.

मालकांच्या बँकेकडून दोन कागद आधी मागवावे लागतात. एक फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेपर्यंत कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते. दुसरी त्यांच्या ताब्यातल्या कागदांची यादी, जिला सगळे एलओडी म्हणतात. फोरक्लोजरचा आकडा रोजच्या व्याजाने हलतो. मध्येच मालकांचा हप्ता कापला गेला की पुन्हा वेगळा आकडा, आणि आमच्या बँकेने चेक काढून ठेवलेला जुन्या आकड्याचा. म्हणून लेटर मागवायचं ते आपली कर्जमंजुरी हातात आल्यावरच.

एलओडी मात्र विसार देण्याआधीच बघावी. मालक हे या फ्लॅटचे दुसरे मालक. बिल्डरने पहिल्या मालकाला करून दिलेला मूळ करारनामा, त्याची नोंदणीची पावती आणि सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा, इंडेक्स टू) हे तिन्ही त्या यादीत आहेत का, हे आम्ही ओळ न् ओळ तपासलं. साखळीतला एक मूळ करार हरवलेला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत, हा सगळा फेरा मागे लागतो. भोगवटा प्रमाणपत्राची प्रतही याच वेळी मागावी. आणि पुण्यात आणखी एक विचारावं: सोसायटी आहे की अपार्टमेंट? अपार्टमेंट असेल तर शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला, नसतंच, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. लोक वर्षानुवर्षं राहतात आणि आपण नेमके कशात राहतो ते त्यांना ठाऊक नसतं.

हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात करारनाम्याची नोंदणी झाली. फोटो, अंगठे, दोन साक्षीदार, बाकी सगळी वाट बघणं. पूर्ण मुद्रांक शुल्क इथेच भरलं. शेवटच्या खरेदीखताला ते पुन्हा भरावं लागत नाही.

टीडीएसचं, म्हणजे विकणाऱ्याला द्यायच्या पैशांतून कर कापून भरायचं, काम खरेदीदाराचं आहे, हे बऱ्याच जणांना नोंदणीच्या दिवशी कळतं. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का कापून सरकारात भरायचा. आमचे ६२ हजार, पण विकणारे दोघे, म्हणून ३१-३१ हजारांचे दोन वेगळे फॉर्म. बँक ही रक्कम आपल्या वाट्यात धरते, चलन दाखवावं लागतं. विकणाऱ्यांपैकी कुणी अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही, कापायची रक्कम बरीच मोठी असते. तिथे आधी सीए गाठावा.

मग आमच्या बँकेचे दोन चेक निघाले. एक उरलेलं कर्ज संपवणारा, त्यांच्या बँकेच्या नावाचा, दुसरा मालकांचा. दुसरा चेक मूळ कागद हातात येईपर्यंत आमच्या बँकेनेच थांबवून ठेवला, आणि इथे गाडी अडली. कर्ज शून्य झालं, पण मालकांच्या बँकेची शाखा म्हणे, कागद मध्यवर्ती गोदामात असतात, येतील. मालक रोज फोन करायचे, उत्तर तेच. शेवटी मी त्यांना लेखी अर्ज द्यायला सांगितलं आणि त्यात रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा उल्लेख टाकायला लावला: १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. कागद आले. अर्जामुळे आले की यायचेच होते, देव जाणे. एलओडी समोर धरून एकेक कागद मोजून घेतला, सोबत नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलं आणि सेरसाईवरचा (गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतला) जुना बोजा उतरल्याची खात्री केली. तो उतरल्याशिवाय आमची बँक पुढे हलत नव्हती.

सोसायटीत वेगळंच नाटक. सेक्रेटरींनी "विकास निधी" म्हणून १ लाख मागितले. हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा २५ हजार आहे, हे आदर्श उपविधीतच, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांतच, आहे. मी भांडले नाही, "काका, मागणीचं पत्र द्या ना, बँकेला दाखवायचंय," एवढंच म्हटलं. पत्र आलं नाही, २५ हजारांची पावती आली.

राहायला आल्यावर वीजबिलावरचं नाव बदललं, ते सोपं आहे. महापालिकेचा पीटी-३ अर्ज मात्र लोक विसरतात. स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. आधीच्या मालकांनी फ्लॅट काही काळ भाड्याने दिला होता, त्यामुळे पहिलं बिल पूर्ण आलं. अर्ज आणि राहत असल्याचे पुरावे दिल्यावर पुढचं कमी झालं. टेरेसवरचे पत्रे आम्ही काढले. पावसाळ्यात ते गळत होतेच.