सेट म्हणजे बसवणे

आमच्या अंबाजोगाईकडं सेट हा शब्द इंग्रजी आहे असं आता कुणाला वाटत पण नाही. पोरगं पुण्याला सेट झालं, लेकीला लग्नात डिनर सेट दिला, गवंडी म्हणतो स्लॅब सेट होऊ द्या मग पाणी मारू, पेपर सुटला की लेकरं एकमेकाला विचारतात तुला कुठला सेट आला, एम.ए. झालेली पोरं सेट-नेटचा अभ्यास करायलेत (ही सेट तर शब्दच नाही, परीक्षेच्या नावाची आद्याक्षरं आहेत).

पण हीच लेकरं इंग्रजीच्या धड्यात सेट दिसला की गडबडतात. मी संध्याकाळी दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो, त्यांच्या वह्यात पानंच्या पानं याद्या असतात, सेट अप, सेट ऑफ, सेट इन, सेट असाइड, समोर मराठी अर्थ, आणि हे सगळं पाठ. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत एकट्या सेटचे 430 अर्थ होते, पुढं ती डिक्शनरी नव्यानं करायला घेतल्यावर रन (run, पळणे) हा शब्द सेटच्या पण पुढं गेला, त्याच्या नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ. कोण पाठ करणार एवढं? इंग्रज माणूस पण करत नाही.

माझं म्हणणं असंय की आधी आपलं बसवणे आठवा. सेट हे जुन्या इंग्रजीतलं सिटचं प्रयोजक रूप आहे, म्हणजे सिट बसणे आणि सेट बसवणे, इतकं सरळ. आणि हा सिट आपल्या संस्कृतमधल्या सद् धातूचा सख्खा नातेवाईक, संसद, परिषद, उपनिषद या सगळ्यात तोच बसलाय. आता आपण घट बसवतो, गणपती बसवतो, बोअरमध्ये मोटर बसवतो, गॅदरिंगला नाटक बसवतो, यातला कुठला अर्थ कधी घ्यायचा हे आपल्याला कुणी शिकवलं का? नाही ना.

हाडाचं बघा. लहानपणी गल्लीतल्या एका काकांचा खांदा निखळला तेव्हा हाड बसवणारे बाबा आले होते, त्यांनी काकांना आडवं केलं, काखेत स्वतःची टाच लावली आणि मनगट धरून हळूहळू ओढत राहिले, तोंडानं आपलं चालूच, यंदा काय पेरलं, तुरीला भाव काय मिळाला, आणि काका उत्तर देतच होते तेवढ्यात खट्ट आवाज झाला. बाबा म्हणले, बसलं. (आज कुणी असं करू नका, आधी दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढा.) इंग्रजीत अशा माणसाला बोनसेटर म्हणतात, हाड बसवणारा, अक्षराला अक्षर तेच. सोनार अंगठीत खडा बसवतो तिथं पण सेट, आणि कोंदणाला सेटिंग.

सगळीकडं बसवणे चालत नाही हे पण खरंय. पावसाळा सेट इन होतो तिथं आपण पावसाळा लागला म्हणतो, मृग लागला म्हणतो, दही सेट झालं म्हणजे विरजण लागलं, आग सेट करणे म्हणजे लावणे. म्हणजे बसवणे जिथं थांबतं तिथं बऱ्याचदा लागणे-लावणे मदतीला येतं, आणि ही दोन क्रियापदं हाताशी असली की पोराला निम्मा सेट न शिकताच येतो हे मी वर्गात बघतोय. सूर्याचं मात्र वेगळं, तो आपल्याकडं मावळतो, बसत नाही, ते तेवढं लक्षात ठेवावंच लागतं.

आणि डिनर सेटमधला, गणितातला संचवाला सेट तर मुळात वेगळ्याच घरचा. तो फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिनमधला सेक्टा, म्हणजे कुणाच्या तरी मागं चालणारी मंडळी, पंथ, संप्रदाय. त्यामागचा लॅटिन धातू आणि आपल्या सचिवमधला सच् हे पण एकाच कुळातले. इंग्रजीत येऊन दोघांचा उच्चार सारखा झाला आणि अर्थ एकमेकात मिसळत गेले, म्हणून लेकरांचा गोंधळ होतो, त्यात त्यांची काही चूक नाही.

म्हणून मी फळ्यावर दोन रकाने आखतो, एक बसवायचा आणि एक संचाचा, आणि पोरांनाच वाटणी करायला लावतो. सिनेमाचा सेट पहिल्यात, कारण तो बसवलेला असतो. नेकलेसचा सेट दुसऱ्यात, आणि त्यातला खडा परत पहिल्यात.