झिजलेल्या नाण्याची कड

नाण्यावरचं सगळ्यात आधी काय जातं? नाक. मग गाल, मग केस. जे उठून दिसतं ते आधी झिजतं. मावशीच्या डब्यातल्या चांदीच्या नाण्याला तर चेहराच उरला नव्हता. एका बाजूला बाईसारखा काहीतरी फुगीर आकार, दुसऱ्या बाजूला पंख म्हणावेत तर पंख. वर कडी डाकलेली, म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात वर्षानुवर्षं लोळलेलं. सोलापूरकडे नाण्यांच्या माळा घालणाऱ्या लमाणी बायका अनेकांनी पाहिल्या असतील, तसलंच काहीतरी.

मधल्या मारुतीजवळच्या सराफांनी वजन केलं : सत्तावीस ग्रॅम. आपला राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅम, तेव्हा हा रुपया नव्हे. "परदेशी आहे. मोडीत घालता का?" एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

वजनावर जावं तर फसगत. स्पेनचा आठ रेआलचा (रेआल म्हणजे तिथलं जुनं चलन) डॉलर मुळातच सत्तावीस ग्रॅमचा, मेक्सिकोचाही तेवढाच. आणि ऑस्ट्रियाच्या महाराणीचा छाप असलेला मारिया थेरेसा थालर असतो 28.07 ग्रॅमचा, पण ग्रॅमभर झिजला की तोही येऊन याच पंक्तीला बसतो.

नाणं वाचायला सोलापूरचं भर दुपारचं ऊन काही कामाचं नाही, ते सरळ डोक्यावर येतं. पाच वाजता खिडकीतून तिरपं येतं तेव्हा पुसलेल्या रेघांनाही सावली पडते. तशा उन्हात मी नाणं उभं धरून फिरवलं. कडेवर पातळ कागद गुंडाळून शिसपेन्सिल घासली. रुपयासारख्या उभ्या खाचा असतील असं वाटत होतं. कागदावर उमटलं वेलबुट्टीचं एक वळण आणि पुढे अक्षरं, अर्धवट, पण रोमन. मेक्सिकोच्या डॉलरच्या कडेला अक्षरं नसतात. थालरच्या कडेला राणीचं ब्रीद असतं : युस्टिशिया एत क्लेमेन्शिया, न्याय आणि दया. माझ्या कागदावर 'क्लेमे' एवढीच दया शिल्लक होती. पण ओळख पटायला तेवढी पुरली. मग तो फुगीर आकार म्हणजे खुद्द महाराणी, आणि ते पंख दुतोंडी गरुडाचे.

आता खरी गंमत. मारिया थेरेसा 1780 मध्ये वारली, आणि त्यानंतर पाडलेल्या थालरांवरही साल तेच, 1780. येमेनच्या कॉफीवाल्यांना, इथिओपियातल्या व्यापाऱ्यांना दुसरं नाणं चालेना, म्हणून बाई गेल्यावरही तिचा छाप चालूच राहिला. व्हिएन्नात, पुढे रोममध्ये, लंडनमध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धात, 1940-41 ला, चक्क मुंबईच्या टांकसाळीत! सालावरून वय काढायची सोयच नाही. टांकसाळ ओळखायच्या खुणा असतात त्या बारीकसारीक तपशिलात, आणि तेच तर इथे सपाट. इतकी झीज बघता माझा कल जुन्याकडे आहे. पण रोज अंगावर घासलेल्या दागिन्याचा काय नेम सांगावा?

मावशीला हे सगळं सांगितलं. तिच्या हातात चिंचेचा कोळ तयारच होता. दिवाळीआधी उजळायचं म्हणून. मी तो काढून घेतला, कारण उरलीसुरली अक्षरंही त्यात गेली असती. त्यावर ती म्हणाली, "आणि मुंबईचं निघालं तर? मग परदेशी कसलं रे, आपलंच की!"