मागच्या दाराने दिवाडी

मोटरसायकल घेऊन बेटावर जातो म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंदमान नाहीतर थायलंड उभं राहतं. माझं बेट सावंतवाडीहून सकाळी निघालं की जेवणाच्या वेळेआधी येतं. मांडवीच्या पात्रातलं, जुन्या गोव्याच्या बरोब्बर समोरचं दिवाडी. बहुतेक मंडळी जुन्या गोव्याला चर्च बघून, व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर येतात आणि तिथली फेरी पकडतात. मी बांदा, दोडामार्ग, डिचोली करत बेटाच्या दुसऱ्या बाजूच्या काठावर, नार्व्याला उतरतो आणि तिथल्या फेरीने, मागच्या दाराने शिरतो.

ह्या वाटेचं एक कारण नार्व्याचा सप्तकोटेश्वर. हा देव मूळचा दिवाडीचा, गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असं बिरुद ते मिरवत. आधी बहमनींच्या काळात देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभं केलं आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी परत पाडलं. मग देवाने नदी ओलांडली. ह्या काठावर १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. दिवाडीच्या टेकडीवर, पिएदाद गावात, आज जिथे चर्च दिसतं तिथे गणपतीचं देऊळ होतं म्हणतात. तो गणपती फिरत फिरत खांडोळ्याला गेला. थोडक्यात, देव ज्या बाजूने बाहेर पडला त्या बाजूने आपण आत जायचं. त्याच्या वेळी फेरी नव्हती एवढंच.

फेरीला दुचाकीचं तिकीट नाही. त्यामुळे स्कूटरी, बुलेटी, मासळीची पिशवी हँडलला अडकवलेल्या बायका, सगळे रॅम्पवरून एकदम चढतात. पावसाळ्यात तो लोखंडी रॅम्प ओला, वर टायरांनी आणलेला चिखल. पुढचा ब्रेक दाबायचा नाही, पाय दोन्हीकडे सोडायचे आणि क्लचवर हळूहळू वर घ्यायची. सवयीची माणसं गाडीवरून उतरतही नाहीत. समोरचा काठ अजून वीसेक हात लांब असतो तेवढ्यात सगळ्यांची इंजिनं सुरू होतात. घाई कसली, तर पुढे भातशेतं आहेत.

आणि ती भातशेतं खरोखर बघण्यासारखी आहेत. बेटाच्या कडेची ही सगळी खाजन जमीन. म्हणजे भरतीला जी खाऱ्या पाण्याखाली जायची, ती चिखला-दगडांचे बांध घालून लोकांनी पिढ्यान् पिढ्या राखलेली. तिच्यात खारं सोसणारं कोरगुट भात होतं. गाडी बांधालगत लावून मानस बघायला थांबावं. मानस म्हणजे बांधातली लाकडी झडप. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने ती घट्ट मिटते, खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून नदीत जातं. मोटर नाही, वीज नाही. मी उकिडवा बसून बघत होतो तेव्हा फळ्यांच्या फटीतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या येत होत्या आणि एक खेकडा चौकटीला धरून बसला होता. त्याची मात्र कुठल्याच बाजूला जायची तयारी दिसेना. माझ्या मोटरसायकलीची सर्व्हिसिंगची तारीख कधीच उलटून गेली होती. तिला इकडे आणून हे दाखवणं जरा क्रूरपणाचंच.

बेट लहान आहे. तिसऱ्या गिअरच्या वर जाण्याचं काम पडत नाही. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरां असतो, वाड्यावाड्यांचे झेंडे, मिरवणुका आणि बांबूच्या नळीतून फळं उडवणारे फोटाश. त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मी तो टाळतो. गर्दीच बघायची तर सावंतवाडीत मंगळवारचा बाजार काय वाईट आहे?

कोकण रेल्वे ह्या बेटावरूनच जाते. मुंबईहून मडगावला जाणाऱ्यांनी दिवाडी खिडकीतून पाहिलेलं असतं, नाव ठाऊक नसलं तरी. गाडी पुलावरून येते, शेतांवरून धडधडत जाते, पलीकडच्या पुलावर चढते. स्टेशन नाही. मोटारींसाठी पूल नाही. पूल व्हावा की नको हा इथला जुना वाद, आणि माझ्यासारखे बाहेरचे त्यात तोंड घालून 'नकोच, सगळी शांतता जाईल' म्हणून मोकळे होतात.

मीही पिएदादमध्ये चहाच्या दुकानात बसून तेच म्हणालो. शेजारी एक म्हातारेबाब पोय, म्हणजे गोव्याचा पाव, चहात बुडवून खात होते. त्यांनी शांतपणे घास गिळला. म्हणाले, "तुका जुंवो जाय, म्हाका दोतोर जाय." तुला बेट हवं, मला डॉक्टर हवा. रात्री छातीत दुखायला लागलं आणि फेरी पलीकडच्या काठाला असली तर काय करशील, सांग. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शांतता आवडणाऱ्याला ती सोडून घरी परत जाता येतं, हा त्याचा फायदाच आहे, आणि तो सहसा हिशेबात धरला जात नाही.

बाबांना जुन्या गोव्याला बँकेत जायचं होतं. धक्क्यापर्यंत सोड म्हणाले आणि माझ्या होकाराची वाट न बघता मागे बसले. वाटेत एका घरापाशी खांद्यावर थाप पडली, गाडी थांबवली. त्यांनी आतल्या बाईला माडावरचे नारळ पाडायला कोण येणार ते विचारलं. पुढच्या घरी कुणाचा मुलगा पोर्तुगालहून आलाय का, ह्याची चौकशी. धक्का दिसायला लागला तेव्हा फेरी लागलेली होती, रॅम्प उचलायच्या बेतात. मी गिअर वाढवला. तेवढ्यात पुन्हा थाप. कुंपणाशी त्यांचा एक दोस्त उभा होता.

मी फेरीकडे बोट दाखवलं. बाबांनी मान वळवूनही बघितलं नाही.

"वचूं दी," म्हणाले, "दुसरी येतली."