तारीख गेलेला डबा

बडोद्यात मराठी घरांच्या माळ्यावर एक पत्र्याचा डबा हमखास असतो. दूध पावडर, रव्याची अर्धी पिशवी, शेवयांचं पाकीट, न फोडलेला मसाला खाखरा. सगळ्यांची तारीख उलटलेली. 'असू दे, अडीअडचणीला होईल.' टाकायला जीव होत नाही आणि खायला धजत नाही, अशा वस्तूंची सोय माळ्यावरच लागते.

इथे अडचण म्हणजे विश्वामित्री नदी. तिची धोक्याची खूण २६ फुटांवर. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर चढलं. वीज नाही, जिन्यापर्यंत पाणी, नळाचा भरवसा नाही. अशा दिवशी हा डबा खाली येतो.

तीन वर्षांचे छोले दिसायला झकास. पण जुनं कडधान्य हट्टी होतं. रात्रभर भिजवा, चिमूटभर सोडा घाला, दुप्पट शिट्ट्या करा, तरी मध्ये मध्ये गणंग लागतातच. गॅस आणि पाणी पुरवून वापरायच्या दिवशी हे छोले दोन्ही पिऊन टाकतात.

खाखऱ्याची गत वेगळी. तो तेल-तूप लावून शेकलेला, आणि तेल हवेने खवट होतं. तुकडा तळहातावर चुरून चोळा, ऊब लागली की वास सुटतो. जुन्या तेलरंगाच्या डब्यासारखा आला, तर लोणच्याबरोबरही खपणार नाही. गव्हाच्या पिठातही अंकुराचं तेल असतं, म्हणून दळलेलं पीठ दोन-तीन महिन्यांत कडवट लागतं. सडीक तांदूळ मात्र कीड न लागता राहिला तर वर्षानुवर्षं टिकतो. रव्याला जाळी धरली की चाळून उपयोग नाही. बुरशी धरलेले शेंगदाणे तर भाजूनही खाऊ नयेत, त्यातलं विष भाजण्याने पुरतं जात नाही.

तारखाही दोन जातींच्या. 'बेस्ट बिफोर' चवीची हमी देते. ती उलटली तरी कोरडा, बंद जिन्नस बहुधा खाण्याजोगा असतो. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' लिहिलं असेल तर वाद घालू नये. बाळाच्या दुधाच्या डब्याबाबत तर मुळीच नाही. फुगलेला टिन चाखूनही पाहू नये. त्यातल्या विषाला वास असेलच असं नाही.

आणि माळा! पाकिटावर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' छापलेलं असतं. माळा कोरडा खरा, पण मे महिन्यात स्लॅबखाली भट्टी असते. साधारण दर दहा अंशांना खवटपणाचा वेग दुप्पट होतो, म्हणजे छापलेली तारीख तिथे आधीच खोटी पडते. खाली ठेवावं तर पूर. म्हणून डबा जूनमध्ये वर चढवावा आणि नवरात्रात खाली उतरवावा.

चार माणसांना तीन दिवसांचा आधार म्हणून त्यात दोन किलो भाजलेले चणे, किलोभर ममरा (म्हणजे चुरमुरे), एक किलो खजूर, एक किलो गूळ. काहीच शिजवायचं नाही. झाकणावर महिना मार्करने लिहावा, चिठ्ठी ओली होते. पुराचं पाणी लागलेलं पाकीट सील असलं तरी टाकावं. गटार त्याच पाण्यात मिसळलेलं असतं.

जुन्या डब्यातलं राखण्यासारखं म्हणजे मीठ आणि साखर. पावसाने गोळा झाली तर फोडून घ्यावी. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचाच चमचा घ्यायचा. पुरात पोट बिघडलेल्या माणसाला हे घोट घोट पाजायचं.

नवरात्रात उतरवलेले चणे त्याच आठवड्यात चहाबरोबर संपवावेत. मऊ पडले असतील तर कढईत दोन मिनिटं परतून.