मुलासाठी हवंय

मराठी माणसाला चार घटका पळून जायचं असलं, तरी आधी कारण लागतं. पुस्तकांच्या दुकानात हे फार चांगलं बघायला मिळतं. गंभीर कादंबरी मागणारं गिऱ्हाईक लेखकाचं नाव आडनावासकट घेतं, आवाजही खणखणीत असतो. पण रहस्यकथा, भूतकथा, राक्षस-राजकन्या यातलं काही हवं असलं, की तोच माणूस औषधाच्या दुकानात गर्दी ओसरायची वाट बघणाऱ्यासारखा कोपऱ्यात घुटमळतो आणि शेवटी पुटपुटतो, "मुलासाठी हवंय."

अप्पा बळवंत चौकात गाइडं, वह्या, स्पर्धा परीक्षांचे संच यांच्या गराड्यातून आत शिरलं की एका बोळात मी नेहमी जाते ते दुकान आहे. दुकान म्हणजे काय, आत दोन माणसं समोरासमोर आली की एकाने बाहेर यायचं. दर्शनी बाजूला दासबोध, पाककृती, मधुमेह आणि थोरांची चरित्रं. भुतं, डाकू, जादूगार, गुप्तहेर सगळे मागच्या भिंतीला, तेही खालच्या फळ्यांवर. ही मांडणी दुकानदार काकांनी मुद्दाम केलेली आहे. "वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. निवांत बघतो बिचारा."

"मुलासाठी" म्हणणाऱ्यांना ते न चुकता विचारतात, "कितवीत आहे?" हॅरी पॉटर मराठीत मागणाऱ्या एका बाई या प्रश्नाला बेसावध सापडल्या आणि खरं बोलून गेल्या. "इंजिनीअर झालाय." काकांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मग पहिल्या भागापासून न्या. मधूनच सुरू केलं की गोंधळतात मुलं." बाईंनी पहिला भाग नेला, आणि पुढचे भाग न्यायला आल्या तेव्हा मुलाचा विषय कोणीच काढला नाही.

तुम्हाला काय आवडतं, हे काका कधी विचारत नाहीत. त्यांच्या मते ते कोणालाच धड सांगता येत नाही, आणि सांगितलं तरी ते वाचकाच्या स्वतःबद्दलच्या गैरसमजातून आलेलं असतं. त्यांचे प्रश्न वेगळे. कुठे वाचणार? एका बैठकीला किती वेळ मिळतो? तिसरा प्रश्न ते आडवळणाने विचारतात, पिशवीकडे, चपलांकडे, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघत, "सध्या धावपळ दिसते." तेवढ्यावर माणूस बोलायला लागतो. सासऱ्यांचं ऑपरेशन, ऑफिसातली बदली, भावकीतला जमिनीचा वाद. पळायचं कशापासून हे एकदा कळलं, की कुठे पाठवायचं ते काका ठरवतात.

मग ते स्टुलावर चढून किंवा उकिडवे बसून पुस्तक काढतात, खांद्यावरच्या फडक्याने झटकतात आणि तिसऱ्या-चौथ्या पानावर उघडून काउंटरवर ठेवतात. पहिल्या पानावर कधीच नाही. "पहिलं पान सगळ्यांचंच बरं असतं." एवढं करून ते पार्सलाला सुतळी बांधायला पाठ फिरवतात. गिऱ्हाईक उभ्या उभ्या वाचतं. पान उलटल्याचा आवाज आला, की काका न वळता बिलबुक ओढतात.

आई इस्पितळात असलेली एक तरुण मुलगी रात्रीच्या जागरणासाठी पुस्तक शोधायला आली होती आणि तिने स्वतःच भयकथावाले नारायण धारप उचलले होते. काकांनी ते तिच्या हातातून काढूनच घेतले. "इथे धारप नकोत. रात्री दोन वाजता व्हरांड्यात स्ट्रेचरचं चाक कुरकुरलं, की आईच्या शेजारी तुम्ही ॲडमिट." त्याऐवजी रहस्यकथावाले बाबूराव अर्नाळकर दिले. "झुंजारला काही होत नाही. शंभर माणसं अंगावर आली तरी नाही. तुम्हाला सध्या असाच कोणीतरी पाहिजे." तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात जो उजेड पडला तो समीक्षेच्या पुस्तकांनी पाडला नव्हता. अशा कथांना नावं ठेवताना आपण म्हणतो, शेवट आधीच ठाऊक असतो. इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या माणसाला नेमकं तेवढंच हवं असतं. पुढे काय होणार हे माहीत नसण्याचा पुरवठा त्याच्याकडे मुबलक असतो.

अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी एके काळी घराघरांत उशीखाली असत. आज वाचताना वाक्यं अधूनमधून करकरतात, बायका जरा जास्तच पळवल्या जातात, आणि खलनायक आपला बेत नको तितका सविस्तर सांगत बसतो. पण कथा सुरू व्हायला वाचकाला ताटकळत ठेवत नाहीत, हा गुण मला मोठा वाटतो. गोव्याचे गुरुनाथ नाईक संख्येत त्यांच्याही पुढचे. बाराशेवर कादंबऱ्या. काका त्यांना एसटीच्या प्रवासासाठी राखून ठेवतात, कारण "गाडी घाटात हिंदकळली तरी ओळ सापडते." सुहास शिरवळकरांचा धाडसी नायक दारा बुलंद ते नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलांना देतात, साहेबाच्या केबिनमध्ये ज्यांना दिवसभर "हो सर" म्हणावं लागतं त्यांना.

धारपांची गिऱ्हाइकं मधल्या काळात बदलली. 'तुंबाड' हा हिंदी सिनेमा २०१८ साली आला, त्यात धारपांच्या 'आजी' या कथेचा धागा आहे, आणि तेव्हापासून पोरं "ते तुंबाडवालं" मागत येतात. आता मराठीत तुंबाड म्हटलं की शेल्फावर पहिले हाताला लागतात ते श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन जाडजूड खंड. एखादा उत्साही मुलगा ते घेऊन पैसे द्यायला उभाही राहतो. काका सांगतात, "ते खोत वेगळे. यात जे आहे ते भुतापेक्षा वाईट आहे, पण तुला आत्ता नको." इंग्रजीतल्या ड्रॅगनवाल्या मालिकेचा पहिला खंड मागणाऱ्यालाही ते आधी इशारा देतात, की पाचवा भाग २०११ साली आला आणि सहाव्याची जग अजून वाट बघतंय. पैसे घेण्याआधी हे सांगणारा दुकानदार धंद्यात कसा टिकला, हे कोडं मला सुटलेलं नाही.

रोजच्या जगण्यात गोष्ट करण्याजोगं काही घडत नाही म्हणून लोक असलं वाचतात, असं मी त्यांना एकदा ऐटीत सांगितलं. वाक्य माझं नव्हतं, विचारही नव्हता. 'मंजुघोषा' ही कादंबरी लिहिणाऱ्या नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८च्या सुमारास प्रस्तावनेत साधारण हीच तक्रार केली होती. आपल्या समाजातली लग्नाची रीत आणि एकूण राहणी अशी, की मनोरंजक म्हणावेत असे ना दुर्गुण सापडतात ना सद्गुण. रोजचं लिहावं तर त्यात रस नाही, म्हणून करमणूक करायची तर अद्भुताकडे जाणं भाग आहे. किती प्रामाणिक माणूस! त्याआधी, १८६१ साली, हळब्यांची 'मुक्तामाला' आलेली होतीच. म्हणजे मराठी कादंबरी चालायला लागली तीच मुळी राजवाडे, अरण्यं आणि कटकारस्थानांच्या दिशेने.

मग १८८५मध्ये हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली आणि रिसबुडांना गोष्ट सापडत नव्हती त्याच घरांच्या माजघरात, त्याच लग्नांच्या रीतीत हरिभाऊंना खच्चून गोष्टी सापडल्या. अभ्यासक्रमात हरिभाऊ जिंकले, आणि ते योग्यच झालं. तरी त्यांनी स्वतःच्या साप्ताहिकाचं नाव 'करमणूक' ठेवलं होतं, हे मी कोणी फार नाक मुरडायला लागलं की हळूच काढते. काकांच्या गल्ल्यावर मात्र रिसबूड अजून खपतात, वेगवेगळ्या नावांनी.

नाथमाधवांची 'वीरधवल' काका कोणाला देतात, हे बघण्यासारखं असतं. पाय मोडून दोन-तीन महिने पलंगावर पडलेल्यांच्या घरची माणसं पुस्तक न्यायला आली, की ही कादंबरी हमखास पिशवीत जाते. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचं खरं नाव. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखालचं शरीर लुळं पडलं, आणि त्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत या माणसाने घोडदौडी, किल्ले, भुयारं आणि तलवारींची ही दुनिया लिहिली. मी म्हटलं, हे तुम्ही त्या लोकांना सांगत का नाही? काका म्हणाले, "सांगितलं की त्याचा धडा होतो. मग त्यांना बरं वाटायलाच पाहिजे असं होऊन बसतं. नुसतं वाचू द्या की."

आमचं भांडण होतं ते कर्णावरच्या 'मृत्युंजय'वरून. माझं म्हणणं असं, की मराठी वाचक अद्भुत वाचत नाही हे साफ खोटं आहे. अंगावर कवच घेऊन जन्मलेला, सूर्याचा मुलगा असलेला नायक आपल्याला चालतो. १९६७ पासून त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघताहेत. लग्नात, बढतीत, निवृत्तीच्या समारंभात तो भेट दिला जातो. हेच कवच एखाद्या परक्या नावाच्या मुलाच्या अंगावर असलं की मात्र ते पोरकट. काकांना हे पटत नाही. कर्ण लोकांना आपल्या घरातला वाटतो, डावललेला थोरला मुलगा वाटतो, म्हणून ते रडतात; कवच कोणी बघत नाही, असं ते म्हणतात. मला वाटतं कवच सगळे बघतात आणि रडल्याचं सांगतात. यावर दोन चहा होतात, निकाल लागत नाही.

काका मूळचे वेंगुर्ल्याकडचे. एरवी बोलण्यात ते कळत नाही, पण चिडले की हेल येतो. परवा माझी भाची बरोबर होती. वय अकरा, मत ठाम. फास्टर फेणे वाचून झालेला, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्नही संपत आलेला. तिने सरळ विचारलं, "मराठीत आपली स्वतःची फँटसी नाही का? म्हणजे भाषांतर नाही, आणि घाबरवणारी पण नाही. मोठी, नकाशावाली."

काका गप्प बसले. मग एकदम मालवणी सुटलं. "आमचो देव रातचो गावभर फिरता, आणि तू माका विचारतंस?" आणि त्यांनी तिला आरवलीचा वेतोबा सांगितला. माणसाहून उंच मूर्ती. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक नवसाला चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. भाचीने विचारलं, "किती नंबरच्या?" काकांनी दोन्ही हात पसरून माप दाखवलं. एवढ्यावर न थांबता ते विहिरीवरच्या आसरा, पिंपळावरचा मुंजा, शेताच्या बांधावरचा राखणदार असे एकेक पेश करत गेले, आणि प्रत्येकाची हद्द कुठून कुठपर्यंत तेही सांगत गेले. नकाशा तयारच होता म्हणायचा.

"मग याची कादंबरी?" भाचीचा प्रश्न कायम.

तिथे काका अडकले. यातलं जे भीतीच्या कामाचं होतं ते भयकथांनी उचललं, जे भक्तीच्या कामाचं होतं ते देवळात गेलं, आणि मधला मोठा पट्टा रिकामा राहिला. मोठ्यांसाठी त्यावर कोणी ऐसपैस लिहायला बसलं, तर एका बाजूने अंधश्रद्धा म्हणून मार बसेल आणि दुसऱ्या बाजूने भावना दुखावल्या म्हणून. त्यापेक्षा ड्रॅगन बरा. ड्रॅगनच्या भावना दुखावल्या म्हणून अजून कोणी मोर्चा काढलेला नाही. हे मी म्हणाले. काका म्हणाले, असं काही नाही, लिहिणाऱ्याला रात्रीचं गावात फिरता आलं पाहिजे, बाकी सगळं होतं.

शेवटी त्यांनी काउंटरखालून जुन्या 'चांदोबा'च्या अंकांचा घरी बांधून घेतलेला गठ्ठा काढला. पाठीवर प्रेत टाकून निघालेला विक्रम, ती तलवार, ते झाडाचं वळलेलं खोड. भाचीने तिथेच जमिनीवर फतकल मारली आणि पान उलटल्याचा आवाज आला. मी पर्स उघडली, पण काकांनी या वेळी बिलबुकाला हात लावला नाही.

"विकायचा नाही. वाचून परत आणायचा."

"डिपॉझिट?"

"तिची शाळेची डायरी ठेव म्हणावं."

डायरी अजून त्यांच्याकडेच आहे. सोमवारी वर्गशिक्षिकेने विचारल्यावर भाचीने काय सांगितलं ते मला कळलेलं नाही, पण त्यात वेतोबा होता एवढं तिच्या आईने फोनवर कळवलं.