रात्री दोनची गाडी

मंगळवार, रात्रीचे 2.40

झोप मोडलीच आहे तर लिहून तरी टाकते. आजही आली. आधी गल्लीच्या तोंडाशी एअर ब्रेकचा तो फुस्स आवाज, मग रिव्हर्स हॉर्नचं पीं पीं, मग क्लीनरचं "आने दो, आने दो, बस्स", आणि गाडी एकदाची लागली की फाळका खाली आपटतो. त्या आवाजाला आई (माझ्या सासूबाई, 84 वर्षांच्या) दचकून उठून बसतात आणि रोज तेच विचारतात, कोण आलं गं? कोणी नाही आई, दुकानाचा माल आलाय. मग त्यांना पाणी द्यायचं, पाठीवर हात फिरवायचा, आणि तोवर मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत असतात ते ऐकत बसायचं. आइस्क्रीमची गाडी असली तर विचारायलाच नको, तिचं कूलिंगचं यंत्र पहाटेपर्यंत घुरघुरत राहतं.

पुण्यात धनकवडीत आम्ही 26 वर्षं राहतोय. गल्ली जेमतेम 6 मीटरची, दोन्ही बाजूंना टू-व्हीलर, त्यात अडीच मीटर रुंदीची दहा चाकी गाडी घालायची म्हणजे काय ते बघितल्याशिवाय कळणार नाही. समोरच्या बंगल्याच्या जागी बिल्डिंग झाली आणि खाली ते मोठं दुकान आलं तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. मीही दूध, डाळी तिथूनच आणते.

गुरुवार

पोराने परवा रात्री आईंच्या खिडकीत मोबाईल धरून आवाज मोजला. 71 डेसिबल. मोबाईलचं मोजणं काही अगदी बिनचूक नसतं पण थोडं इकडेतिकडे धरलं तरी, ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा आहे 45, दिवसासुद्धा 55च. 10 डेसिबलने जास्त झालं की रीतसर तक्रार करता येते, आणि राहत्या वस्तीत रात्री हॉर्न वाजवायला तर 2010 पासून बंदीच आहे. हे सगळं छापून घेऊन आम्ही सहा जण मॅनेजरकडे गेलो. तो नीट बोलला, खोटं कशाला बोलू. म्हणाला, मॅडम, दिवसा अवजड वाहनांना शहरात नो एंट्री, माल भिवंडीच्या गोडाऊनवरून येतो, मी रात्री नाही मागवणार तर कधी मागवणार? म्हणजे एक नियम त्या गाडीला रात्रीच या म्हणतो आणि दुसरा म्हणतो रात्री आवाज नको. दोन्ही नियम बरोबर, आणि दोघांच्या मधे आमची गल्ली.

वर येताना बघितलं तर आमच्या गेटसमोरच्या ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण मधोमध तडकलेलं. दहा चाकी गाडीला मालासकट 25 टनांची परवानगी होती ती 2018 साली साडेअठ्ठावीस झाली. एवढं वजन हायवेसाठी ठीक असेल, पण आमच्या गल्लीखालच्या पाइपलाइनने ते कसं सोसायचं?

रविवार

काल जे झालं ते मनातून जात नाहीये. दोन वाजता गाडी आली आणि आमच्या मजल्यावरच्या एकाने गॅलरीतून ड्रायव्हरला आईवरून शिवी दिली. खालून उत्तर आलं. मी गाऊनवर ओढणी घेतली आणि खाली गेले, भांडायलाच गेले होते. ड्रायव्हर माझ्या भावाच्या वयाचा, डोळे लालभडक, गेवराईकडचा निघाला. म्हणाला, "ताई, मला काय हौस आहे का? दुपारी चारला बायपासला येऊन थांबलोय, आत सोडत नाहीत. जेवण तिथंच, झोप केबिनमधेच. इथे माल उतरून पावतीवर सही झाल्याशिवाय मालक भाडं मोकळं करत नाही." मागच्या बोर्डवर अजून हॉर्न ओके प्लीज रंगवलेलं, ते लिहायला महाराष्ट्रात 2015 पासून बंदी आहे, आणि मी तेच वाचत उभी होते कारण त्याच्याकडे बघवेना. मग तो सहज म्हणाला, "आधी गाडी मागच्या आवारात घ्यायचो ना आम्ही, तिथंच वळवायचो. आता तिथं शेड ठोकलंय, मग गल्लीतच लावावी लागते."

शेड! आम्ही वर्षभर या माणसांशी भांडतोय, आणि जागा खाल्लीय कोणी ते कोणाला सुचलंच नाही.

महिन्याने, शुक्रवार

माहिती अधिकारात अर्ज टाकला होता, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मुदत 30 दिवसांची, आमचं उत्तर 27व्या दिवशी आलं. दुकानाच्या बिल्डिंगच्या मंजूर नकाशाची प्रत डायनिंग टेबलवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, आणि चष्मा लावून बघितलं तर मागच्या बाजूला चक्क पार्किंग आणि गाड्यांची वळायची जागा आखलेली आहे. आज तिथे पत्रा, आणि खाली तेलाच्या डब्यांची आणि रिकाम्या क्रेट्सची थप्पी. गोडाऊनचं भाडं वाचवायला त्यांनी आवार वापरलं आणि त्याची किंमत आईंच्या झोपेतून वसूल झाली, मला तरी सरळ असंच दिसतं. चीड आली ती अजून उतरलेली नाही. दुकान बंद व्हावं असं मला कधीच वाटलं नाही, खालच्या चार पोरी तिथे कामाला आहेत. पण शेड निघालंच पाहिजे आणि मोठ्या गाडीने माल शहराबाहेर उतरवून तो छोट्या हत्तीने, म्हणजे लहान टेम्पोने, संध्याकाळी आणला पाहिजे. खर्च वाढेल, वाढू दे, आत्ता तो खर्च आम्हीच भरतोय.

सोमवार

आज नकाशा घेऊन परत गेलो. मॅनेजरचा चेहरा उतरला. फोनवर वरच्यांशी बराच वेळ बोलला, मग म्हणाला रोजचा माल छोट्या गाडीने सुरू करतो, शेडचं "वरून ठरेल". आम्ही सांगितलं पंधरा दिवस थांबतो, नंतर महापालिकेत आणि ट्रॅफिक पोलिसांकडे दोन्हीकडे अर्ज. दोन्ही अर्ज सह्यांसकट तयार आहेत, 31 सह्या. शिवी देणाऱ्या शेजाऱ्यांनी सगळ्यात आधी सही केली.

बुधवार

संध्याकाळी सातला दोन छोटे हत्ती आले, पाऊण तासात रिकामे होऊन गेलेसुद्धा. रात्री आई सलग झोपल्या, मीच दोनला जागी झाले, सवयीने. गल्लीत कुत्रं सुद्धा नव्हतं. आइस्क्रीमची मोठी गाडी उद्या आहे म्हणे, ती मात्र रात्रीच येणार. अर्जांची फाइल दाराजवळच्या पिशवीत ठेवलीये, आणि पाण्याची एक बाटली फ्रीजमधे, तो गेवराईचा ड्रायव्हर आला तर.