पित्ताची गोळी

मंगळवार म्हणजे आमच्या गावचा बाजार आणि माझी तुडुंब ओपीडी. त्यात वेचणीचे दिवस. दिवसाची मजुरी पाडून आलेली बाई बाकावर फार वेळ टिकत नाही. अशा गर्दीत एका मायने 19 वर्षांच्या पोरीला आत ढकललं आणि दार लोटून घेतलं.

"पाच महिने झाले, पाळी नाही. आता छातीतून दूध निंगते मॅडम. कोनाचं हाय, थे सांगत नाही."

पोरगी भिंतीकडे पाहत होती. लघवीची तपासणी निगेटिव्ह. मायसाठी दुसरी पट्टी लावली, तीही निगेटिव्ह.

लाज वाटते सांगायला, पण ही पोरगी दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडेच येऊन गेली होती. सोनोग्राफीवर 'पीसीओडी', म्हणजे पाळी लांबवणारा बीजकोशाचा विकार, लिहिलेलं (हल्ली तो शिक्का ठरलेलाच), मी पाळी यायच्या गोळ्या दिल्या. नुसता डाग दिसला, मीही पुढे खोदलं नाही. दूध येतं का, हे तेव्हा विचारलंच नव्हतं. लग्न न झालेल्या पोरीला कसं विचारायचं, म्हणून.

प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध उतरवणारं संप्रेरक, 140 आलं. असायला हवं 25 च्या आत. थायरॉइड ठीक. माझ्या डोक्यात पिट्युटरीची (ते संप्रेरक सोडणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीची) गाठ, एमआरआय, नागपूरचा खर्च फिरू लागला. गोळ्या काही चालू? "काहीच नाही." हा प्रश्न आमच्याकडे असा विचारून भागत नाही, एकेक नाव घ्यावं लागतं. ताकदीची? गॅसची? पित्ताची?

"पित्ताची होय, थे तं रोजच."

पिशवीतून पट्टी निघाली. दुकानदाराने कात्रीने अशी कापलेली की नाव अर्धंच. उरलेली अक्षरं जुळवली: ॲसिड कमी करणारं रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. सात महिने, जेवणाआधी. हे दुसरं औषध डोपामाइन अडवतं, आणि प्रोलॅक्टिनला लगाम असतो तो या मेंदूतल्या रसायनाचाच. तो लगाम सुटला की प्रोलॅक्टिन उधळतं, दूध उतरतं, आणि मेंदूकडून बीजकोशाला जाणारा निरोप थांबतो. गोळी लिहिणाऱ्याला फोन केला. "पोट तं बरं झालं ना मॅडम?" म्हणाले.

गोळी बंद केली, बदल्यात काही दिलं नाही. सातव्या आठवड्यात पाळी आली, प्रोलॅक्टिन 18.

त्या दिवशी पोरगी एकटीच आली होती.

"गोळीनं झालं म्हणून कागदावर लिहून द्या. मराठीत."

लिहिलं.

"शिक्का?"

मारला. शाई वाळेपर्यंत ती टेबलाशी उभी राहिली.